परसातला मांडव

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर एक लेख द्यावा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात एखादा किल्ला, एखादी लढाई किंवा एखादी पराक्रमी राणी असावी. भगिनींनो, मी मात्र गिलक्याच्या वेलावर लिहावयाचे ठरविले आहे. कित्येकींना हसू येईल. पण आपल्या मंडळाच्या इमारतीमागे भिंतीलगत जी तीन फूट रुंद आणि बावीस फूट लांब अशी मातीची पट्टी उरली आहे, तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसवावेत की ती मातीचीच राहू द्यावी, हा विषय गेल्या दोन सभांत निघाला आणि दोन्ही वेळा पुढच्या सभेवर ढकलला गेला. तिसऱ्या सभेत निकाल लागण्यापूर्वी, असल्या चिंचोळ्या पट्टीत आपल्या आया-आज्यांनी काय काय केले ते एकदा सर्वांसमोर यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझे मत कोणत्या बाजूचे आहे हे लपविण्यात अर्थ नाही. ते वाचता वाचता कळेलच.

आपल्या गावाच्या जेवणाची सर्वांत जुनी हकिकत एका परक्या माणसाने लिहून ठेवली आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ साली महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनला जावयास दिल्लीहून निघाला. दौलताबादेहून खंबायतकडे जाताना तो नंदुरबारला उतरला. हे छोटे गाव असून येथे मराठे राहतात, ते कारागिरीत निपुण आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, असे तो सांगतो. पुढे त्यांच्या आहाराविषयी तो लिहितो की, हे लोक तांदूळ, भाजीपाला आणि तिळाचे तेल खातात, प्राण्यांना दुखविणे त्यांना आवडत नाही आणि जेवणापूर्वी ते आंघोळ करतात. राजदरबारांची आणि हत्तींच्या झुलींची वर्णने करणाऱ्या या माणसाने नंदुरबारच्या ताटातली भाजी टिपून ठेवली, याचे मला मोठे अप्रूप वाटते. ती भाजी कोणी लावली, कोणी तोडली, हे त्याने विचारले नाही. तेव्हाच्या पुरुषाला ते सुचले नाही म्हणून रागावण्यातही अर्थ नाही.

ती भाजी कोणती असेल, हे मात्र आपल्याला बऱ्यापैकी ताडता येते, कारण कोणती नसेल हे पक्के ठाऊक आहे. मिरची नसेल. आज ज्या मिरचीच्या लाल वाळवणामुळे नंदुरबारचे नाव देशभर झाले, ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर उतरले ते १४९८ साली, म्हणजे इब्न बतूता येऊन गेल्यावर दीडशे वर्षांनी. बटाटा नसेल, टोमॅटो नसेल, शेंगदाणाही नसेल. ज्याला आपण डांगर म्हणतो तो लाल भोपळासुद्धा त्याच अमेरिकेतला पाहुणा आहे. आमच्या घरी कानबाईच्या रोटाला डांगराची भाजी असते आणि ती फार पुरातन चाल आहे अशी आमच्या सासूबाईंची खात्री होती. देवीने पाहुण्याला घरचा करून घेतला, असे म्हणू या. हे सारे वगळले की काय उरते? वांगी, पालेभाज्या, आणि मग वेलांची सगळी सेना: दोडका, गिलके, कारले, काकडी, तोंडली, पडवळ, दुधी, वाल आणि चवळी. म्हणजे आपल्या जुन्या स्वयंपाकघराची निम्मीअधिक भाजी जमिनीवर उभी राहणारी नव्हती. तिला चढावयास काहीतरी लागत होते.

मोगल अमदानीत नंदुरबारची खरबुजे आणि द्राक्षे नावाजलेली होती. खरबूज नदीकाठच्या वाळूत पसरते, पण द्राक्षाला मांडव हवा. तेव्हा उभ्या मेढी, आडव्या काठ्या आणि वर पसरलेला वेल हे दृश्य आपल्या भागाला नवे नाही. ‘मांडव’ हा आपला शब्दही पाहा. ज्याखाली मुलीचे लग्न लागते तोही मांडव आणि ज्याखाली दोडके लोंबतात तोही मांडवच. शेतकी खात्याची पत्रके वेलभाज्यांसाठी दोन पद्धती सांगतात, एक ताटी आणि दुसरी मांडव. ताटी म्हणजे उभी जाळी किंवा कूड, वेल तिच्यावर भिंतीसारखा चढतो. मांडवात तो डोक्यावर छतासारखा पसरतो. ही दोन्ही नावे पत्रके निघण्यापूर्वीच आपल्या परसात नांदत होती.

आता असे कोणी म्हणेल की बागाईत हे माळ्याचे काम, त्यात बायकांचा इतिहास कोठून आला? त्याला माझे उत्तर ऋषिपंचमी हे आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खावयाचे नाही, हा नेम आपण सर्वजणी जाणतो. त्या दिवशीच्या भाजीत दोडका, पडवळ, भोपळा, काकडी, अळू, परसातले मक्याचे कणीस अशा वस्तू पडतात. बैल नसेल तर जमीन कोणी खणली? हाताने, खुरप्याने, घराजवळ, आणि बहुतेक घरी बाईनेच. या व्रतामागची जी कथा सांगतात तिच्यातील विटाळाचा भाग मला मान्य नाही आणि तो सोडून द्यावा असेच मी म्हणेन. पण त्या दिवशीचे ताट हा मात्र एक दस्तऐवज आहे. नांगराच्या शेतीहून वेगळी, हाताची, परसाची, स्त्रियांची अशी एक शेती होती आणि वर्षातून एक दिवस तरी सारे घर तिच्यावरच जेवत होते, हे त्यातून दिसते. आणि तिथीही पाहा! जूनअखेर लावलेला वेल भाद्रपदात ऐन बहरात असतो.

दुसरा दस्तऐवज गाण्याचा. भोंडल्यात आणि आपल्याकडील गुलाबाईत कारल्याच्या वेलाचे गाणे म्हणतात. ते सर्वांना पाठ आहे, म्हणून येथे देत नाही. सुनेला माहेरी जावयाचे आहे आणि सासू तिला कारल्याच्या वेलाची एकेक पायरी सांगत थांबवीत राहते, असा त्याचा भाव आहे. आपण ते सासुरवासाचे गाणे म्हणून म्हणतो, आणि ते तसे आहेच. पण त्यात बी लावण्यापासून ताटात भाजी पडेपर्यंतचा काळ सुनेच्या हाताने मोजलेला आहे, हे ध्यानात घ्यावे. वेल लावणे, जपणे, तोडणे आणि शिजविणे ही तिची कामे. वेळ मात्र तिची नव्हती.

आता जरा वर, सातपुड्यात जाऊ. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून आपला जिल्हा वेगळा झाला. त्याच्या सहा तालुक्यांपैकी अक्राणी आणि अक्कलकुवा हे बहुतेक डोंगराचेच आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची ६९ टक्क्यांहून अधिक वस्ती आदिवासी, म्हणजे भिल्ल, पावरा, मावची, कोकणी इत्यादि समाजांची नोंदली गेली. डोंगरातील घरे एकमेकांना खेटून नसतात. ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेतात. भिंती बांबूच्या कुडाच्या, वर गवत किंवा कौले, पुढे मेढींवर टाकलेला मांडव आणि त्यावर रचलेला चारा. पावसाळ्यात असल्या घरावर दुधी, गिलके, वाल यांचे वेल चढलेले असतात आणि काही घरे तर दुरून नुसते हिरवे टेकाड वाटतात. जागेची टंचाई नसताना वेल वर का चढवितात, असा प्रश्न मला पडे. एका पावरा आजीने मला त्याचे कारण एका शब्दात सांगितले: शेळी. खाली राहील ते शेळी खाते, कोंबडी उकरते, वर जाईल ते माणसाला मिळते. याखेरीज आणखी कारणे आहेत. जमिनीला टेकलेले फळ पावसात कुजते, एका अंगाने पिवळे पडते, वाकडे होते. लोंबते फळ स्वतःच्या वजनाने सरळ वाढते आणि सगळीकडून सारखा रंग धरते. वाऱ्याने पाने लवकर सुकतात, त्यामुळे भुरी आणि केवडा हे रोगही त्या मानाने कमी. पण शेळीचे कारण पहिले, हे त्या आजीचे म्हणणे मला पटले.

शेतातही हाच खेळ असतो. मका किंवा ज्वारी उभी राहिली की तिच्या ताटावर चवळी किंवा वाल चढतो. अमेरिकेतले मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके एकत्र लावीत आणि त्यांना तीन बहिणी म्हणत. मका उभा राहावयाचा, घेवडा त्याला धरून चढावयाचा आणि भोपळ्याने खाली पाने पसरून जमिनीचा ओलावा राखावयाचा. सातपुड्यातल्या बाईने तिकडचे काही ऐकले नव्हते. मका तिकडून आला, पण त्याच्या खांद्यावर वेल चढविण्याची अक्कल तिची स्वतःची होती.

या डोंगरातल्या वेलाचे सर्वांत मोठे वैभव होळीला दिसते. काठी येथील राजवाडी होळीचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. होळीच्या नाचात नवसाने ‘बुध्या’ झालेले पुरुष अंगावर राखेचे ठिपके काढतात, डोक्यावर बांबूचा आणि मोरपिसांचा उंच टोप घालतात आणि कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधून रात्रभर नाचतात. ते भोपळे बाजारात मिळत नाहीत. कोणत्या तरी घराच्या छपरावर दोन-चार फळे मुद्दाम न तोडता ठेवलेली असतात. ती जून होतात, सालीला लाकडासारखा टणकपणा येतो, आत बी खुळखुळू लागते. त्याच फळांतून पुढच्या वर्षाचे बियाणे निघते. पाणी ठेवावयाचे तुंबे त्याच फळाचे, आणि कोकणी समाजाची पावरी नावाची जी वाद्ये डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाजतात त्यांतही भोपळाच असतो. दुधी भोपळा हा मूळ आफ्रिकेचा आणि माणसाने जपलेल्या अतिप्राचीन वनस्पतींपैकी एक आहे. मातीची भांडी घडविण्याची विद्या येण्यापूर्वी तो माणसाचे भांडे होता. तेव्हा नाचणाऱ्या पुरुषांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात ते येवोत. ते फळ तोडू नका म्हणून घरात बजावणारी जी बाई असते तिचाही त्या होळीत वाटा आहे, एवढे म्हणून ठेवते.

सरकारच्या दप्तरात परसबाग आली ती पुष्कळ उशिरा, आणि आली ती लढाईमुळे. जपानी फौजांनी ब्रह्मदेश घेतल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला. १९४२ साली ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम हिंदुस्थानात निघाली. इंग्लंडातही तेव्हा लोक बगिच्यांतली हिरवळ खणून कोबी-बटाटे लावीत होते. आपल्या नंदुरबारला मात्र ते साल वेगळ्या कारणाने स्मरते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे चार सवंगडी गोळीबारात धारातीर्थी पडले. एका हाताने भाजी पिकवा म्हणावयाचे आणि दुसऱ्या हाताने पोरांवर गोळ्या झाडावयाच्या, अशा सरकारच्या मोहिमेला लोकांनी मनापासून साथ द्यावी तरी कशी?

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाली. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. ग्रामसेविका खेड्यांत येऊ लागल्या आणि गावोगाव महिला मंडळे उभी राहिली. शिवण, बालवाडी, निर्धूर चूल आणि परसबाग हे त्यांचे चार खांब होते. पुढे युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या मदतीने अप्लाइड न्यूट्रिशन प्रोग्रॅम या नावाचा पोषणाचा कार्यक्रम प्रथम ओरिसात आणि १९६० नंतर हळूहळू इतर राज्यांत आला. त्यात महिला मंडळांनी भाजी लावावी, कोंबड्या पाळाव्यात आणि ते सारे गरोदर बायकांच्या आणि लहान मुलांच्या पोटात जावे, अशी कल्पना होती. कल्पना चांगली होती. पण बी वरून यावयाचे, कुंपणाची तार वरून यावयाची, आणि पाण्याची सोय कोणी विचारावयाची नाही. मदत थांबली की वाफा सुकला. सामाईक वाफ्याची भाजी सामाईक मुलांपर्यंत नेहमी पोहोचलीच असेही नाही. मग १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, बाया खडी फोडावयास गेल्या आणि मुले सुकडीवर जगली. त्या वर्षी वेल कोणाचे जगले? ज्यांचे आळे न्हाणीच्या तोंडाशी होते त्यांचे, असे माझी आई सांगे. चार माणसांच्या आंघोळीचे पाणी एका वेलाला पुरते. दुष्काळातली ही शिकवण कोणत्याही योजनेच्या पुस्तिकेहून मोलाची आहे.

आपल्याच महाराष्ट्रात एका माणसाने या लहान जागेच्या शेतीचा गंभीरपणे विचार केला. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४ ते २००१) हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाने शेतकऱ्यांचे जाळे उभारले आणि तासगावच्या द्राक्षबागाईतदारांनी त्यातून जे करून दाखविले ते प्रसिद्ध आहे. त्यांचे मुख्य सांगणे असे की, शेतकरी खरे म्हणजे सूर्यप्रकाशाचे पीक घेतो. पान हा त्याचा कारखाना. तेव्हा जमीन किती आहे यापेक्षा पानांचा किती पसरा उन्हासमोर मांडता येतो, हे महत्त्वाचे. दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकते, असे ते मांडीत, आणि शहरातल्या गच्चीवरही उसाच्या चिपाडात, पालापाचोळ्यात भाजी होते असे त्यांच्या मार्गाने जाणाऱ्यांनी दाखविले. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील स्टॅन्ली हार्ट व्हाइट या प्राध्यापकांनी १९३८ सालीच झाडे लावलेल्या उभ्या भिंतीचे पेटंट घेतले होते. आता मोठ्या शहरांतल्या कचेऱ्यांवर असल्या हिरव्या भिंती दिसतात, त्यांना पंपाने पाणी द्यावे लागते आणि त्यांवर खाण्याजोगे क्वचितच काही असते. त्यापेक्षा केनियात नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीतल्या बायका मला जवळच्या वाटतात. त्या गोणीत माती भरतात, बाजूंना भोके पाडतात आणि प्रत्येक भोकात पालेभाजीचे रोप खोचतात. एका गोणीला पायापुरती जागा लागते आणि चोहोबाजूंनी भाजी मिळते. बारदान आपल्याकडे काही दुर्मीळ नाही.

जागा अशी आकसत जाण्याची कहाणी आपल्या जिल्ह्यात फार कठोर रीतीने घडली आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे आली. त्यांतील पुष्कळ कुटुंबे १९९० नंतर तळोदे आणि शहादे तालुक्यांतल्या वसाहतींत आणून बसविली. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात प्रत्येक कुटुंबास साठ फूट बाय नव्वद फूट घरजागा सांगितली आहे. शहरातल्या बाईला ती ऐसपैस वाटेल. पण जिच्या घराभोवती डोंगराचा उतार, झरा आणि स्वतःचे रान होते, तिला त्या आखलेल्या चौकोनात गुरे, शेळ्या, सरपण, धान्याची कणगी आणि वाढता संसार मांडावयाचा होता. मी या वसाहतींत दोन-तीनदा गेले आहे. हातपंपाच्या सांडपाण्यावर, पत्र्याच्या भिंतीला बांबू टेकवून, बायांनी वालाचे आणि दुधीचे वेल चढविलेले पाहिले. पत्रा तापतो म्हणून वेल आणि पत्रा यांमध्ये एक हात अंतर ठेवले होते. कोणी शिकविले विचारले तर एक हसली आणि म्हणाली, पान करपले की कळतेच.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बालकांच्या कुपोषणासाठी आपल्या जिल्ह्याचे नाव वर्षानुवर्षे घेतले जाते, आणि परसबागेचे उत्साही पुरस्कर्ते जणू दोन गिलक्यांनी ते जाईल असे बोलतात. तसे होणार नाही. गिलके, दोडका, दुधी यांत मुख्यतः पाणी असते. मजुरी, दवाखाना, स्वच्छ पाणी आणि मुलीचे लवकर न होणारे लग्न यांची जागा कोणताही वेल घेऊ शकत नाही. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ साली आदिवासी भागात सुरू झाली, तिचा आधार निराळाच आहे. पण वेल निवडून लावले तर त्यांचा वाटा लहान नाही. वालाच्या दाण्यात प्रथिने आहेत. डांगराच्या केशरी गरात अ जीवनसत्त्वाचे द्रव्य आहे, त्याचा कोवळा पालाही खाता येतो. मायाळू तर सबंध पालेभाजीच असून वेल होऊन कुडावर चढते. ‘उमेद’ अभियानातील बचतगटांनी २०२० पासून पोषण परसबागा लावल्या, त्यांत वेलांना मांडवाची जागा ठेवलेली असते हे मला आवडले. शिवाय ज्या दिवशी हातात पैसा नाही त्या दिवशी बाजाराकडे न पाहता भाजी होते, याची किंमत कोष्टकात बसत नाही.

बियाण्याबद्दल थोडे. बाजारातल्या संकरित पाकिटाचे पीक भरघोस येते हे खरे, मीही ते लावते. पण त्या फळाचे बी धरून लावले तर पुढच्या वर्षी तसेच फळ येईल याचा भरवसा नाही. म्हणजे दरवर्षी दुकान. पूर्वी बी राखेत घोळून, मडक्यात किंवा भोपळ्यातच ठेवून, आडकाठीला टांगलेले असे, आणि लेकीच्या पाठवणीत शिदोरीबरोबर बियाण्याची पुरचुंडी जात असे. हे काम किती मोठे होते ते देशाला कळले अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यामुळे. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वालाचे कितीतरी गावठी प्रकार सांभाळले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या धडगाव भागातही बाएफ संस्थेच्या मदतीने गावकऱ्यांनी मका-ज्वारीचे गावठी वाण जपण्याचे काम केले आहे. आपल्या मंडळातल्या किती जणींकडे घरचे बी आहे, हे मी सहज विचारून पाहिले. गिलक्याचे अकरा जणींकडे निघाले, वालाचे चौघींकडे, पडवळाचे एकीकडेही नाही.

घरच्या बियाण्याच्या दुधीबाबत एक जुनी सवय सोडू नये. भाजी चिरताना एक चकती जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर सबंध फळ टाकून द्यावे, जनावरालाही घालू नये. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावल्याची उदाहरणे घडली, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने २०१२ च्या सुमारास हाच सल्ला दिला. आपल्या आज्यांनी तो समितीशिवाय पाळला होता.

आता ती मंडळामागची पट्टी. तीन फूट बाय बावीस फूट म्हणजे सहासष्ट चौरस फूट. सपाट वाफा केला तर दोन दिवसांची मेथी होईल. पण भिंतीपासून हातभर पुढे सात फूट उंचीची ताटी उभी केली, तर चढावयास एकशे चौपन्न चौरस फूट मिळतात. खाली केवळ सहा आळी लागतात, दीड फूट रुंद आणि तितकीच खोल, साडेतीन फुटांच्या अंतराने, तळाशी पालापाचोळा आणि वर शेणखत. बांबू आणि काथ्या पुरे, लोखंडी जाळी उन्हात तापते. दोन आळी वालाला द्यावीत, एक दोडक्याला, एक गिलक्याला, एक कारल्याला, एक मायाळूला. डांगर येथे नको, तो सारी भिंत खाईल आणि फळाचे वजनही ताटीला झेपणार नाही. हातपायधुणीचे पाणी आळ्यांकडे वळवावे. साबणाचे पहिले पाणी मात्र बाहेर जाऊ द्यावे. उन्हाळ्यासाठी प्रत्येक आळ्यात एक कच्चे मडके गळ्यापर्यंत पुरावे, ते भरून ठेवले की पाझरत राहते. पहिल्या पंधरवड्यात नुसती फुले येऊन गळू लागली तर वेल वांझ निघाला म्हणून कोणी उपटू नये. ती नरफुले असतात. मादीफुलाच्या देठाशी बोटभर कोवळे फळ दिसते. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते आणि गिलक्याचे सकाळी, तेव्हा मधमाश्या कमी असतील तर नरफूल मादीफुलाला हाताने लावण्यासाठी सकाळ-संध्याकाळच्या पाळ्या ठरवून घ्याव्या लागतील.

पेव्हर ब्लॉकचे दरपत्रक आले आहे आणि ते कार्यालयाच्या कपाटात आहे. बांबू, काथ्या, सहा मडकी आणि चार पाट्या शेणखत यांचा अंदाज मी निराळ्या कागदावर लिहून त्याच्याशेजारी ठेवला आहे. सभा ज्येष्ठात आहे. मृग लागण्यापूर्वी आळी खणून तापवावयाची असतील, तर तिचा निकाल त्याच दिवशी व्हावा लागेल. पडवळाचे बी कोणाच्या माहेरी असेल तर तिने येताना घेऊन यावे.